घरातला पहिला पदवीधर : शहापूर-मुरबाडच्या निमित्ताने

ठाणे जिल्ह्याचे नाव घेतले की डोळ्यांसमोर येतात ते उड्डाणपूल, लोकलची गर्दी आणि टॉवर. पण २०१४ साली पालघर वेगळा झाल्यावर उरलेल्या जिल्ह्यातही शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके क्षेत्रफळाने मोठे, डोंगराळ आणि वाड्यापाड्यांत विखुरलेले आहेत. शहापूर तालुका पूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात येतो, तर मुरबाडची काही गावे. महादेव कोळी, मा ठाकूर, का ठाकूर, वारली, कातकरी असे आदिवासी समाज आणि त्यांच्या जोडीला कुणबी, आगरी अशी इथली वस्ती. भातसा, तानसा, मोडकसागर ही मुंबईची तहान भागवणारी धरणे याच भागात आहेत आणि धरणाशेजारच्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते, हेही दरवर्षी छापून येते. इथली मुले पदवीसाठी शहापूरच्या सोनुभाऊ बसवंत महाविद्यालयात किंवा मुरबाडजवळ शिवळे येथील शांतारामभाऊ घोलप महाविद्यालयात जातात. ज्यांना जमते ती लोकलने किंवा एसटीने कल्याण-उल्हासनगर गाठतात. ही सगळी महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. म्हणजे डोळखांबकडची मुलगी आणि दक्षिण मुंबईतला मुलगा एकाच विद्यापीठाचे विद्यार्थी असतात, एकाच परिपत्रकाला बांधलेले असतात.

आज अठरा वर्षांच्या असलेल्या मुलांचे आईवडील साधारण नव्वदच्या दशकात किंवा २००० च्या आसपास त्या वयात होते. २००१-०२ च्या सुमारास देशातले उच्च शिक्षणातले स्थूल नोंदणी प्रमाण जेमतेम ८ टक्क्यांच्या घरात होते. ही सरासरी शहरांसकट सगळ्या देशाची. वाड्यापाड्यांवर ती किती खाली असेल, याचा अंदाज कोणालाही बांधता येईल. २०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात तेच प्रमाण २८.४ टक्के आणि अनुसूचित जमातींसाठी २१.२ टक्के आहे. दोन दशकांत एवढी वाढ झाली याचा सरळ अर्थ असा की आज वर्गात बसलेल्या मुलांपैकी मोठा हिस्सा घरातून पहिल्यांदाच महाविद्यालयात आलेला आहे. आणि तरीही या सर्वेक्षणात जात, लिंग, अपंगत्व, आर्थिक दुर्बलता अशी वर्गवारी असते. आईवडिलांपैकी कोणी महाविद्यालयाची पायरी चढले होते का, हा प्रश्न नसतो. माझ्या मते आपल्या उच्च शिक्षणाच्या धोरणातली ही सर्वांत मोठी उणीव आहे. प्रवेशाचे दार आपण बऱ्यापैकी उघडले. पण आत गेल्यावर कसे वागायचे, कोणाला विचारायचे, काय कधी भरायचे, ही माहिती विद्यार्थ्याने घरून आणायची असे विद्यापीठ गृहीत धरते. ज्या घरात ती माहिती नाही, तिथे ती पुरवणे हे विद्यापीठाचे काम आहे. महाविद्यालयाच्या सद्भावनेवर किंवा एखाद्या प्राध्यापकाच्या चांगुलपणावर ते सोडून चालणार नाही.

पैशाच्या बाजूने महाराष्ट्राने काही केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, फ्रीशिप, राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती या योजना आहेत. आदिवासी विकास विभागाचा प्रकल्प शहापुरातच आहे. आश्रमशाळा आणि वसतिगृहे त्याच्या अखत्यारीत चालतात. वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आली आणि अनुसूचित जातींसाठी स्वाधार. मुंबई-ठाण्यासारख्या शहरात शिकणाऱ्याला या योजनांतून वर्षाला ६० हजार रुपये मिळण्याची तरतूद आहे. जुलै २०२४ मध्ये ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क माफ झाले. यातली कोणतीही योजना निरुपयोगी नाही. पण पैसा आणि माहिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि माहिती नसेल तर पैसाही पोचत नाही. नुसत्या पैशाने सगळे भागत नाही, हेही एकदा दिसले. २०१८ साली वसतिगृहातल्या भोजनाऐवजी मुलांच्या खात्यात थेट रक्कम देण्याचा निर्णय झाला, तेव्हा आदिवासी विद्यार्थ्यांनी पुण्याहून नाशिककडे पायी मोर्चा काढला होता. शिजवलेले जेवण आणि खात्यात कधीतरी जमा होणारी रक्कम यांत त्यांच्या दृष्टीने केवढा फरक होता, हे त्या मोर्चाने सांगितले.

प्रवेशाच्या दिवसांत काय काय लागते ते एकदा नीट पाहू. बारावीचा निकाल मे महिन्यात लागतो. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर प्रवेशपूर्व नोंदणी, मग महाविद्यालयाचा अर्ज, मग गुणवत्ता यादी, मग ठरावीक दिवसांत शुल्क. त्याआधी उत्पन्नाचा दाखला, त्यासाठी तलाठ्याकडचा कागद, मग सेतू केंद्र, मग तहसीलदारांची डिजिटल सही. जातीचा दाखला, अधिवास, शाळा सोडल्याचा दाखला, मध्ये वर्ष गेले असेल तर गॅपचे प्रतिज्ञापत्र. बँक खाते आधारला जोडलेले नसेल तर महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावरचा अर्ज मंजूर होऊनही पैसे येत नाहीत. आदिवासी मुलाला व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या राखीव जागेवर जायचे असेल तर जात पडताळणी आली, आणि तिथे ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचे आणि जमातीचे पुरावे विचारले जातात. वडील, काका, सख्खा चुलतभाऊ यांच्यापैकी कोणाकडे वैधता प्रमाणपत्र असेल तर काम बरेच सोपे होते. पण ज्या कातकरी घरात जमीन नव्हती, शाळेत कोणाचे नाव नव्हते, त्या घरातल्या पहिल्या मुलाने जुना पुरावा आणायचा कुठून? त्याच्यामागून येणाऱ्या भावंडांची आणि चुलतभावंडांची वाट त्याच्या प्रमाणपत्राने सोपी होणार असते. खस्ता मात्र त्या एकट्याला खाव्या लागतात. पहिल्या पिढीचा भार म्हणजे काय, हे या एका कागदात पुरते दिसते.

मुदत चुकणे ही किरकोळ बाब वाटते, पण ती तशी नसते. २०२४ साली उत्तर प्रदेशातल्या एका रोजंदारी मजुराच्या मुलाची आयआयटी धनबादमधली जागा १७,५०० रुपयांचे शुल्क वेळेत भरता आले नाही म्हणून गेली. कुटुंबाने पैसे जमवले होते, पण संकेतस्थळ बंद होण्यापूर्वी ते भरले गेले नाहीत. शेवटी सर्वोच्च न्यायालयाने विशेषाधिकार वापरून त्याला प्रवेश द्यायला लावला. तो मुलगा दिल्लीपर्यंत पोचला म्हणून देशाला कळले. बी.ए.च्या प्रवेशाची मुदत चुकलेला मुरबाडचा मुलगा कोणत्याही न्यायालयात जात नाही. तो मुरबाडच्या एमआयडीसीत किंवा भिवंडीच्या गोदामात कामाला लागतो आणि पुढल्या वर्षी बघू म्हणतो.

मुदतींबरोबर वेळापत्रकाचा विचार करायला हवा. जुलैमध्ये पदवीचे पहिले वर्ग सुरू होतात तेव्हा या दोन तालुक्यांत आवणीचा हंगाम असतो. खाचरात पाणी साचले की घरातला प्रत्येक हात चिखलात लागतो. रोपे उपटायला, मुठी बांधायला आणि लावायला मजूर लावण्याची ऐपत बहुतेकांची नसते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पहिल्या सत्राची परीक्षा येते, तेव्हा भातकापणी आणि झोडणी चालू असते. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. मागे राहिलेल्या मुलाकडे घर, म्हातारी माणसे आणि रेशन सांभाळण्याचे काम येते. एप्रिल-मे महिन्यांत दुसऱ्या सत्राची परीक्षा आणि पाण्याची टंचाई एकाच वेळी येतात, आणि पाणी भरण्याचे काम कोणाच्या वाट्याला येते हे सांगायला नको. विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे ७५ टक्के हजेरी लागते. आवणीचे आणि कापणीचे दिवस गेले की मुलगा काळ्या यादीत जातो, आणि ती यादी म्हणजे काय, अर्ज करून सवलत मागता येते का, हे विचारायचे असते हेच त्याला माहीत नसते.

त्यात एसटी. शहापूर गावाला रेल्वे स्थानक आसनगावचे. तिथून लोकल मिळते, पण स्थानकापर्यंत पाड्यावरून येण्याची सोय एसटीवर किंवा जीपवर अवलंबून असते. मुरबाडला तर अजून रेल्वेच नाही. कल्याण-मुरबाड मार्गाची मागणी कित्येक वर्षांची आहे. माळशेजच्या पायथ्याशी मोरोशी-टोकावड्याकडची मुले शिवळ्याला किंवा मुरबाडला येतात ती एकाच रस्त्यावरून, एकाच वेळेच्या गाडीने. विद्यार्थ्यांना मासिक पासात दोन तृतीयांश सवलत आहे आणि २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे. बारावीपर्यंतच्या ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत प्रवास मोफत आहे. म्हणजे बारावीपर्यंत फुकट येणारी मुलगी पदवीच्या पहिल्याच दिवशी पासाचे पैसे घरून मागते. नेमके ज्या टप्प्यावर घरचे म्हणतात, ‘आता पुरे शिकलीस’, त्याच टप्प्यावर. २०२१-२२ च्या हिवाळ्यात एसटीचा संप महिनोन्‌महिने चालला, तेव्हा करोनानंतर नुकतीच उघडलेली महाविद्यालये अशा मुलांसाठी पुन्हा बंद झाल्यासारखीच होती.

हे ओळखून वेळापत्रक बदलण्याची परंपरा आपल्याकडे नाही असे नाही. जुन्या ठाणे जिल्ह्यातच, १९४५ साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाकडे नेली. पाड्याच्या अंगणात बालवाडी भरवली आणि गुरे चारणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली. बाबासाहेब आंबेडकरांच्या सिद्धार्थ महाविद्यालयात १९४६ साली नोकरी करणाऱ्यांच्या सोयीने सकाळचे वर्ग होते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ साली साताऱ्याला वसतिगृह उभे केले आणि १९४७ साली तिथे महाविद्यालय सुरू केले, त्यात कमवा आणि शिका ही दयेची योजना नव्हती. शिक्षणाचाच तो भाग होता. या माणसांनी आधी विद्यार्थ्याचा दिवस कसा जातो हे पाहिले आणि मग संस्थेची घडी बसवली. आजच्या संलग्न महाविद्यालयाला एवढे स्वातंत्र्य नाही, कारण सत्राच्या तारखा कलिन्याला मुंबई विद्यापीठात ठरतात.

वर्गातली अडचण वेगळी. कला आणि वाणिज्य शाखेत मराठीतून उत्तरे लिहिता येतात, पण सूचना, संकेतस्थळ, परिपत्रक आणि विषयांची नावे बहुतांशी इंग्रजीत असतात. केटी लागली, म्हणजे एखादा विषय राहिला, की नापास झालो, आता संपले, असे समजून घरी बसणारी मुले असतात. एटीकेटीने पुढच्या वर्गात जाता येते आणि परीक्षेचा अर्ज वेगळ्या तारखेला भरायचा असतो, हे त्यांना कोणी बसून सांगितलेले नसते. ज्याचा मोठा भाऊ टी.वाय.ला, म्हणजे तिसऱ्या वर्षाला, आहे त्याला हे जेवताना कळते. नॅकच्या मूल्यांकनात महाविद्यालयांना मंद गतीने शिकणारे आणि प्रगत असे विद्यार्थी वेगळे काढून त्यांच्यासाठी काय केले ते लिहावे लागते. उद्देश चांगला आहे, पण पहिल्या पिढीतला विद्यार्थी हमखास पहिल्या खान्यात टाकला जातो. त्याला अर्थशास्त्र समजत नाही असे नसते. अंतर्गत गुण कशाचे असतात, प्रकल्प किती पानांचा लिहायचा, सरांना वर्गाबाहेर प्रश्न विचारला तर चालतो का, हे समजत नसते. दोन्हींवर एकच उपाय, म्हणजे जादा तास, लावला की मुलाला आपण कमी आहोत एवढेच पटते.

नवे शैक्षणिक धोरण या गुंत्यात भर घालते आहे. २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत त्याची अंमलबजावणी झाली. मुख्य विषय, गौण विषय, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्य विषय, क्रेडिट बँक, ऑन जॉब ट्रेनिंग. निवड वाढली हे स्वागतार्हच आहे. पण निवड करायला सल्ला लागतो, आणि शिक्षित घरात तो फुकट मिळतो. ऑन जॉब ट्रेनिंगची जागा ओळखीने मिळते, शिवळ्याच्या बी.ए.च्या मुलीची ओळख कोणाशी? सर्वांत जास्त काळजी वाटते ती एका वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडण्याच्या सोयीची. कागदोपत्री पुन्हा परत येता येते. व्यवहारात ज्याच्या घरून दर सत्राला ‘कामाला कधी लागतोस’ असे विचारले जाते, त्याच्यासाठी ही सोय म्हणजे शिक्षण सोडण्याची अधिकृत वाट होण्याचा धोका आहे. गळती मग गळती म्हणून मोजलीही जाणार नाही. केंद्रीय विद्यापीठे, आयआयटी आणि आयआयएम मिळून पाच वर्षांत १३ हजारांहून अधिक अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गीय विद्यार्थी बाहेर पडल्याचे केंद्राने २०२३ साली संसदेत सांगितले. निदान त्यांची मोजणी तरी झाली.

मग उपाय काय चालतो? याचे सर्वांत भक्कम उत्तर न्यूयॉर्कमधून येते. तिथल्या सिटी युनिव्हर्सिटीने २००७ साली गरीब विद्यार्थ्यांसाठी ‘असॅप’ नावाचा कार्यक्रम सुरू केला. शुल्कातली तूट भरून काढणे, पुस्तके, थोड्याच विद्यार्थ्यांची जबाबदारी असलेला आणि वारंवार भेटणारा सल्लागार आणि मेट्रोचा मोफत पास. विद्यार्थ्यांची चिठ्ठ्या टाकून विभागणी करून त्याची तपासणी झाली, तेव्हा तीन वर्षांत पदविका पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण सुमारे २२ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर गेलेले दिसले. यातला मेट्रोचा पास मला फार महत्त्वाचा वाटतो. जगातल्या एका श्रीमंत शहरात जर गाडीभाडे पदवीच्या आड येत असेल, तर टोकावड्यात ते येत नाही असे मानण्याला आधार काय? अमेरिकेने १९६० च्या दशकापासून अशा विद्यार्थ्यांसाठी केंद्राच्या पैशाने आधार-कार्यक्रम चालवले आणि १९८० पासून तर ‘पहिल्या पिढीचा विद्यार्थी’ ही व्याख्याच कायद्यात घातली. आपल्याकडेही नमुने आहेत. पुण्यात १९५५ साली अच्युतराव आपटे यांनी सुरू केलेल्या विद्यार्थी सहायक समितीने खेड्यातल्या मुलांना नुसती खोली दिली नाही. शहरात कसे राहायचे, काम कसे करायचे, पुढे काय शिकायचे याची सोबतही दिली. अलीकडे राजू केंद्रे यांच्या ‘एकलव्य’ने विदर्भात पहिल्या पिढीतल्या मुलांना नामवंत विद्यापीठांच्या प्रवेशाची माहिती आणि तयारी द्यायला सुरुवात केली. या सगळ्यांत समान गोष्ट एकच दिसते. विद्यार्थ्याला नावाने ओळखणारा, नियम माहीत असलेला आणि पुढच्या वर्षीही तिथेच सापडणारा माणूस.

यावर आक्षेप घेतले जातात, आणि ते हलके नाहीत. पहिला असा की शहापूर-मुरबाडच्या महाविद्यालयांत जवळजवळ सगळेच पहिल्या पिढीतले आहेत. मग वेगळी नोंद कशाला? नोंद त्यांना वेगळे काढण्यासाठी नको आहे, विद्यापीठाला दाखवण्यासाठी हवी आहे. ज्या महाविद्यालयात दहापैकी आठ मुले अशी आहेत, त्याला आणि दहापैकी दोन असलेल्याला एकाच मापाने माणसे आणि पैसा देणे चूक आहे, हे आकड्याशिवाय सिद्ध होत नाही. शिवाय कल्याणच्या मोठ्या महाविद्यालयात हीच मुले गर्दीत हरवतात. तिथे तर नोंद अधिकच हवी.

दुसरा आक्षेप, इतके हात धरून चालवले तर मुले परावलंबी होतील. सुशिक्षित घरातल्या मुलाचा अर्ज वडील भरतात, विषय मावशी सुचवते, मुलाखतीची तयारी शेजारचे काका करून घेतात; त्याला कोणी परावलंबी म्हणत नाही. तिसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. पदवी घेऊनही नोकरी नाही, मग कशाला? हे दुःख खरे आहे आणि त्याचे उत्तर केवळ महाविद्यालयाकडे नाही. पण अर्धवट सुटलेल्या पदवीने नोकरीची शक्यता वाढत नाही. वर्षे आणि पैसे मात्र जातात. तलाठी, पोलीस, शिक्षक, बँक या परीक्षांपैकी काहींना पदवी लागतेच, आणि पडताळणीपासून निकालापर्यंत एकदा पार पडलेले घर पुढच्या भावंडाला आयुष्यभर उपयोगी पडते.

खर्चाचा आक्षेप उरतो. न्यूयॉर्कच्या त्या तपासणीत प्रत्येक विद्यार्थ्यामागे खर्च वाढला, पण प्रत्येक पूर्ण झालेल्या पदविकेमागचा खर्च कमी झाला, कारण मध्येच सोडणाऱ्यांवर वाया जाणारा पैसा वाचला. आणि आपल्याकडे चौकट तर आधीच आहे. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात विद्यार्थी विकासाची यंत्रणा आहे, यूजीसीचा ‘दीक्षारंभ’ हा प्रवेशोत्तर कार्यक्रम २०१९ पासून आहे, नॅक मार्गदर्शक-विद्यार्थी प्रमाण विचारते. पण तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक, ज्याला पुढच्या जूनमध्ये आपण इथे असू की नाही हे ठाऊक नसते, तो मार्गदर्शक म्हणून कागदावर वीस-पंचवीस नावे घेऊन बसतो. त्याच्याकडून तीन वर्षांची सोबत मागणे त्याच्यावरही अन्याय आहे. रिक्त पदे न भरता केलेली कोणतीही मार्गदर्शन योजना ही नॅकच्या फाइलपुरती राहते, असे माझे स्पष्ट मत आहे.

म्हणून मागणी फार मोठी नाही. प्रवेशअर्जात आईवडिलांच्या शिक्षणाचा एक रकाना, आणि त्याची महाविद्यालयनिहाय संख्या दरवर्षी जाहीर. प्रत्येक ग्रामीण महाविद्यालयात दाखले, शिष्यवृत्ती, केटी आणि परीक्षा अर्ज एवढेच पाहणारा एक पूर्णवेळ, कायम कर्मचारी. पदवीपर्यंत मुलींना एसटीचा मोफत पास. आवणीच्या पंधरवड्यात हजेरीची सवलत, विद्यार्थ्याने न मागता. शहापूर प्रकल्प कार्यालयाने मे-जूनमध्ये महाविद्यालयाच्या आवारातच तहसील, बँक आणि पडताळणी समितीची माणसे एका टेबलावर बसवावीत. आणि या दोन तालुक्यांतून शिकून कल्याण-ठाण्यात स्थिरावलेल्या वाचकांना एक विनंती: येत्या मे महिन्यात निकाल लागेल तेव्हा आपल्या गावच्या महाविद्यालयाला फोन करा आणि प्रवेशाच्या आठवड्यात एक दिवस तिथल्या खिडकीपाशी बसा. फॉर्म कसा भरायचा हे तुम्हाला माहीत आहे.